वाचकांचे प्रश्न : खड्डे पडण्याआधीची देखभाल

प्रश्न : माझ्याकडे सुमारे 60 किमी डांबरी रस्ते आहेत, बहुतेक काळ्या मातीतले. दरवर्षी निधी खड्डे बुजवण्यातच संपतो. प्रतिबंधक देखभालीची सुरुवात कुठून करावी?
– कनिष्ठ अभियंता, यवतमाळ जिल्हा

उत्तर : चांगल्या रस्त्यांपासून. खड्डे पडलेल्या रस्त्याला प्रतिबंधक उपाय लागू पडत नाहीत, त्याची यादी वेगळी ठेवा.

आधी रस्त्याचे 200 मीटरचे तुकडे पाडून साखळी क्रमांकानुसार (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरानुसार) नोंदवही करा. पाहणी वर्षातून दोनदा, ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिलमध्ये, आणि तीही पायी. जीपमधून बारीक तडे दिसत नाहीत. सर येऊन गेल्यावर रस्ता वाळतो, पण तड्यांच्या रेघा बराच वेळ ओल्या, काळ्या राहतात. ती वेळ साधली तर केसाएवढा तडाही सुटत नाही. चाकोरीची, म्हणजे चाकांच्या रेषेत दबलेल्या पट्ट्याची, खोली 3 मीटरची सरळ पट्टी आडवी टाकून पाचरीने मोजा.

ढोबळ कसोटी अशी : तडे क्षेत्रफळाच्या 5 टक्क्यांच्या आत आणि चाकोरी 5 मिमीच्या आत असेल तर तुकडा प्रतिबंधक कामाला घ्या. तडे 10 टक्क्यांवर किंवा चाकोरी 10 मिमीवर गेली असेल तर तो मजबुतीकरणाचा विषय. तिथे एफडब्ल्यूडी चाचणी (वजन आपटून रस्ता किती दबतो ते मोजणारी) करून थराची जाडी ठरवा. मधल्या तुकड्यांत एखादा कोअर, म्हणजे रस्त्यातून कापलेला गोल नमुना, काढा. तडा वरच्या थरापुरता आहे की खालून वर आला आहे, हे त्यात लगेच दिसते.

पहिला खर्च मात्र डांबरावर नको, पाण्यावर करा. साइडपट्टीवर गवत आणि माती साचून ती डांबरापेक्षा उंच होते, पाणी कडेला तुंबते आणि तिथून खालच्या खडीच्या थरात उतरते. भिजलेल्या थरावरून भरलेला ट्रक गेला की आधी कडा तुटते, मग जाळीचे तडे, मग खड्डा. डांबरी भागाला 2.5 टक्के आडवा उतार असेल तर साइडपट्टीला 3 ते 4 टक्के हवा. मेमध्ये ती खरवडून, मुरूम टाकून दाबून घ्या आणि मोऱ्यांमधला गाळ काढा. गटाराचा तळ खडीच्या थराच्या तळापेक्षा खाली असावा, नाहीतर गटारच रस्त्याला पाणी पाजते. मैलकुली (रस्त्याच्या देखभालीला नेमलेले मजूर) होते तेव्हा ही कामे कुदळ-फावड्याने वर्षभर चालत. आता निविदेत स्वतंत्र बाब म्हणून लिहिली नाहीत, तर ती होतच नाहीत.

काळ्या मातीत कडेला समांतर जाणारा लांब तडा हा डांबराचा दोष नव्हे. उन्हाळ्यात खालची माती आक्रसते, तेव्हा तो उघडतो. पाणी अडवायला तो भराच, पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडेल हे धरून चाला.

यानंतर डांबराचे काम. पृष्ठभाग फक्त कोरडा, भुरकट झाला असेल तर पातळ केलेल्या इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) फॉग सील, म्हणजे हलका फवारा, पुरतो. बारीक खडी सुटू लागली असेल तर मायक्रोसरफेसिंग, म्हणजे इमल्शन आणि बारीक खडीचा पातळ थर : त्यातल्या टाइप 2 या प्रकाराचा थर 4 ते 6 मिमी, चौरस मीटरला साधारण 8 ते 11 किलो. 5.5 मीटर रुंदीचा 10 किमी रस्ता म्हणजे 55,000 चौरस मीटर. 10 किलोने धरले तर 550 टन माल लागेल. खडीच्या चुऱ्यात माती असेल तर इमल्शन वेळेआधीच फुटते (डांबर पाण्यापासून वेगळे होते) आणि थर पापुद्र्यासारखा निघतो. म्हणून सँड इक्विव्हॅलंट (चुऱ्याची स्वच्छता मोजणाऱ्या) चाचणीचा आकडा 50 च्या खाली आला तर ती गाडी परत पाठवा. जाळीच्या तड्यांवर हा थर टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

प्रश्न : आम्ही भरलेले तडे वर्षभरात पुन्हा उघडले. डांबर तर नवे होते.
– कंत्राटदार, सांगली

उत्तर : साधे व्हीजी-30 (रस्त्याच्या कामाचे नेहमीचे डांबर) ओतले असेल, तर हे होणारच. ते थंडीत ताठरते आणि मेमध्ये वाहते. 3 मिमीहून रुंद तड्यांना रबर किंवा पॉलिमरयुक्त गरम सीलंट वापरा. काम डिसेंबर-जानेवारीत करा, कारण तेव्हा तडा उघडलेला असतो. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवा आणि तडा पूर्ण वाळू द्या. बहुतेक काम इथेच फसते, कारण सीलंट डांबराला न चिकटता धुळीला चिकटते. सीलंट उत्पादकाने दिलेल्या तापमानापेक्षा जास्त तापवू नका, त्याची लवचिकता जाते. वर फुगवटा ठेवलात तर टायर तो उचलून नेतात.

प्रश्न : आमच्या गावचा रस्ता खड्ड्यांत, आणि शेजारच्या धडधाकट रस्त्यावर नवा काळा थर. हे कसले नियोजन?
– सरपंच, सातारा जिल्हा

उत्तर : तुमची चीड रास्त आहे, तरी तो थर बहुधा योग्य जागी पडला आहे. तुमच्या रस्त्याला पातळ थर पुरणार नाही, पायापासून दुरुस्ती लागेल. ग्रामसभेच्या ठरावात ‘डांबरीकरण’ न लिहिता ‘मजबुतीकरण, गटार व मोऱ्यांसह’ असे लिहा. दोष दायित्व कालावधी (बिघाडाची जबाबदारी कंत्राटदारावर असते तो काळ) संपला नसेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायला हवी. कामाच्या फलकावर ती तारीख पाहा.

प्रश्न : काँक्रीट रस्त्याला देखभाल लागत नाही, हे खरे का?
– वाचक, पुणे

उत्तर : नाही. त्याचे सांधे सांभाळावे लागतात. सीलंट सुटले की सांध्यात खडी अडकते, उन्हात स्लॅब फुगले की कडा फुटतात आणि झिरपलेल्या पाण्याने डॉवेल बार (सांध्यात शेजारचे स्लॅब जोडणाऱ्या लोखंडी सळया) गंजतात. जुने सीलंट काढून खाच साफ करा, बॅकर रॉड (फोमची दोरी) दाबून बसवा आणि नवे सीलंट पृष्ठभागापेक्षा सुमारे 3 मिमी खाली ठेवून भरा.