मशीनपुढे गेलं की हात थरथरतात

"मशीनपुढे उभं राहिलं की छाती धडधडते, हात थरथरतात. रात्री झोप नाही. घरी सगळ्यांवर खेकसतो. मी कामाचा राहिलो नाही का? गोळ्या सुरू झाल्या तर मला मशीनवरून काढतील का?"

कारखान्यातली माणसं आम्हा समुपदेशकांना हे एका दमात सांगत नाहीत. आधी ॲसिडिटी, डोकेदुखी, पाठदुखी येते आणि मनाचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो. पुढची केस अशा अनेकांच्या अनुभवांतून बांधलेली आहे, ती कुणा एकाची नाही.

वय ३८. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, १४ वर्षं. दर आठवड्याला पाळी बदलते: आधी रात्रपाळी, मग दुसरी, मग पहिली. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या प्रेसवर सहकाऱ्याची दोन बोटं गेली. मशीन बंद करायला धावले ते हेच. तेव्हापासून डाय, म्हणजे प्रेसचा साचा, खाली आदळल्याचा आवाज झाला की तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. मागणी मात्र एकच: "झोपेच्या गोळीचं बघा, बाकी माझं डोकं ठिकाणावर आहे."

पहिल्याच भेटीत गोपनीयता स्पष्ट केली. इथलं बोलणं कंपनीला कळत नाही. अपवाद फक्त स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हाचा. कामाबाबत पत्र द्यावं लागलंच तर ते त्यांच्या संमतीने जातं आणि त्यात आजाराचं नाव नसतं, 'अमुक आठवडे प्रेसवर काम देऊ नये' एवढंच असतं. हे ऐकल्यावर त्यांचे खांदे सैल झाले. मग पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. ती २७ गुणांची असते. १० किंवा त्याहून जास्त गुण आले की नैराश्याचा नीट तपास करावा लागतो. त्यांचे गुण १४. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तो न कचरता विचारला. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. "झोप लागली नाही की वाटतं, सुटलो तर बरं," असं ते म्हणाले. योजना नव्हती, तयारी नव्हती. तरी असा विचार वाढला तर कुणाला हाक मारायची, हे त्याच दिवशी ठरवून कागदावर लिहिलं.

मग १४ दिवसांची झोपेची नोंद: किती वाजता आडवे झालात, झोप कधी लागली, किती वेळा जाग आली, चहा-कॉफी आणि दारू कधी घेतली. वही उघडली तेव्हा निम्मा उलगडा तिथेच झाला. रात्रपाळीत शेवटचा कडक चहा पहाटे ५ ला, घरी येऊन झोपायचा प्रयत्न ८:३० ला. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच पाच-सहा तास लागतात. झोप येत नाही म्हणून दारू. तिने डोळा लागतो, पण ती उतरू लागली की झोप तुटते. त्यात पाळ्या उलट्या क्रमाने. शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड. पहिली, दुसरी, रात्र हा क्रम त्यामुळे सोसतो. यांचा नेमका उलटा होता.

ठरवलं ते असं. रात्रपाळीत दोननंतर चहा नाही. सकाळी ८:३० ते १:३० अंधार केलेल्या खोलीत मुख्य झोप, फोन खोलीबाहेर. संध्याकाळी ड्यूटीआधी ९० मिनिटं डुलकी. ही डुलकी विशेषतः पहिल्या रात्री चुकवू नये. सकाळी ८ ला उठलेला माणूस रात्री १ वाजता १७ तास जागा असतो, आणि तेव्हा हाताची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते. प्रेसवर हा फरक बोटांवर बेततो. मधल्या सुट्टीत डुलकी घेतलीच तर १५-२० मिनिटांची, आणि उठल्यावर १५ मिनिटं मशीनला हात लावायचा नाही.

डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेतलं. कामावर शिसं, पारा, सॉल्व्हंट (रंग-ग्रीस विरघळवणारी रसायनं) किंवा मँगनीजचा धूर असेल तर तेही डॉक्टरांना सांगायलाच हवं. या पदार्थांनीही चिडचिड आणि विसराळूपणा येतो आणि तिथे समुपदेशन पुरत नाही.

आता भीती. इथे आमच्या पेशात घाईने मोठी चूक होते. भीती कमी करायचे व्यायाम लगेच सुरू केले जातात. आम्ही आधी विचारलं, "ज्या मशीनवर अपघात झाला, तिथे नंतर काय बदललं?" बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तिथलं दोन हातांचं बटण. एक पट्टीने बांधून ठेवलेलं असायचं, काम पटापट व्हावं म्हणून. माझ्याही मशीनला तसंच आहे."

म्हणजे ती भीती खरी होती. दोन्ही हात बटणांवर गुंतल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, यासाठीच ती रचना असते. एक बटण बांधलं की मोकळा हात डायखाली जाऊ शकतो. अशा मशीनपुढे हात थरथरणं हा आजार नाही, ती शरीराची शहाणी सूचना आहे. ती दाबून माणसाला तिथेच परत उभं करणं समुपदेशकाने करू नये. त्यांच्या संमतीने, नाव न घेता, ही बाब सुरक्षा समितीपुढे गेली. पट्टी निघाली, गार्ड तपासला गेला. त्यानंतरच पायऱ्या सुरू झाल्या: वीज तोडून कुलूप लावलेल्या मशीनजवळ १० मिनिटं, मग दुसऱ्याने चालवलेल्या मशीनपासून लांब उभं राहणं, मग माल न लावता रिकामे स्ट्रोक, शेवटी सुपरवायझर सोबत असताना अर्धा तास काम. प्रत्येक पायरीला भीतीला ० ते १० गुण द्यायचे आणि ते निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही. शिखरावर असताना पळालं की भीती आणखी घट्ट होते.

घटनेला महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांपुढे येत असल्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. "मी प्रेस चालवतो," हे वाक्य डॉक्टरांना आधी सांगायला लावलं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. त्यांची चटक लागत नाही, पण मनाने अचानक बंद करू नयेत. सुरुवातीला आणि डोस बदलताना गुंगी येऊ शकते, तेवढे दिवस प्रेस नको. झोपेच्या अनेक गोळ्यांची गुंगी उठल्यावरही रेंगाळू शकते आणि काहींची सवयही लागते, म्हणून पहिली मागणी तशीच मान्य केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात घसरण झाली. दुसरी पाळी संपल्यावर माणूस आला नाही म्हणून त्यांना रात्रीही थांबवलं, सलग १६ तास. दुसऱ्या दिवशी धडधड परत, घरी भांडण, रात्री दारू. ते म्हणाले, "सगळं पाण्यात गेलं." वही समोर ठेवली: आधीच्या नऊ दिवसांत सहा दिवस सहा तासांच्या वर झोप होती. त्यानंतर 'सलग दोन पाळ्या नकोत' एवढंच पत्र कंपनीला गेलं. पाळ्यांचा क्रम मात्र बदलला नाही. तो एकट्याच्या अर्जाने बदलत नाही, कामगारांना मिळून मागावा लागतो.

दहाव्या आठवड्यात पीएचक्यू-९ चे गुण १४ वरून ६ वर आले. ते पुन्हा प्रेसवर आहेत. शेजारी मोठा आवाज झाला की अजून दचकतात, पण आधी बटणांकडे बघतात, दोन्ही मोकळी आहेत ना, आणि मग कामाला लागतात.