पेन टेकवण्याआधी

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विमा नसलेली, हातावर पोट असलेली ती बाई तपासण्यांचा कागद घडी घालून पिशवीत ठेवून गेली आणि परत आलीच नाही, हे तुला डाचतंय. "मी तिच्याकडून फीसुद्धा घेतली नव्हती, मग चुकलं कुठे?" असं विचारलंस. फी सोडलीस ते चांगलंच केलंस. पण तिच्या खर्चात तुझी फी हा सगळ्यात लहान आकडा होता. बाकीचे मोठे आकडे तुझ्या पेनातून कागदावर उतरले होते.

मलाही हे उशिराच कळलं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत रक्तदाबाचे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. वरचा दाब १७० च्या खाली येईना. मी मात्रा वाढवली, मग दुसरी गोळी जोडली, मग तिसरी. दर वेळी ते मान डोलवून निघून जायचे. एकदा म्हटलं, घरातली सगळी औषधं घेऊन या. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत सुरीने कापलेल्या अर्ध्या गोळ्या, कडा चुरलेल्या, तळाशी पांढरी भुकटी. अंगात दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली गोळी होती ती. कापली की तिचं कामच बिघडतं. तीही ते दिवसाआड घेत होते. मी औषध वाढवत गेलो तसा खर्च वाढत गेला आणि प्रत्यक्ष पोटात जाणारं औषध कमी होत गेलं. असे तीन महिने गेले. पैशाचा एक प्रश्न विचारला असता तर पहिल्याच महिन्यात उलगडा झाला असता. त्या पुडीची आठवण आली की आजही वाईट वाटतं.

तेव्हा आधी विचारत जा. "परवडेल ना?" असं मात्र नको, त्यावर माणूस हो म्हणून मोकळा होतो. मी असं विचारतो: "औषधं महाग आहेत, बऱ्याच जणांना महिनाभर पुरवणं जमत नाही. तुम्हाला गेल्या महिन्यात किती दिवस पुरली?" यात लाज वाटण्याजोगं काही उरत नाही, म्हणून खरं उत्तर येतं. आणि हे एकट्याला विचार. घरच्या कर्त्या माणसाला मुलांसमोर हे बोलवत नाही. अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे उपचारांच्या खर्चाने ओढाताण होणारे लोक जगात सुमारे २०० कोटी आहेत. त्यातलं कोणी ना कोणी रोज तुझ्यासमोरच्या खुर्चीत बसतं.

चिठ्ठीतल्या क्रमाकडे आम्हा डॉक्टरांचं लक्षच नसतं. पैसे कमी पडले की लोक औषधाच्या दुकानात "वरची दोन द्या" म्हणतात. वर टॉनिक लिहिलं असेल तर टॉनिक घरी जातं आणि अँटिबायोटिक दुकानातच राहतं. सगळ्यात गरजेचं औषध पहिलं लिही आणि तोंडानेही सांग, "काहीही झालं तरी हे सोडायचं नाही." शेवटच्या ओळीशी आलीस की क्षणभर थांब. हे नसलं तर काय बिघडेल? काही नाही, असं मनात आलं तर ती ओळ लिहूच नकोस.

स्वस्तातलं औषध म्हणजे दुय्यम उपचार, ही शंका तुझ्या पत्रात आडून डोकावते. ती काढून टाक. २००२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ॲलहॅट या रक्तदाबाच्या औषधांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ३३ हजारांहून जास्त रुग्ण होते. क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त गोळी हृदयविकाराचा झटका टाळण्यात नव्या महागड्या गोळ्यांना कुठेही उणी पडली नाही, हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची ताकद कमी पडणं, टाळण्यात तर सरस ठरली. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ओव्हिव्हा चाचणीने दाखवलं, की हाडं आणि सांध्यांच्या जंतुसंसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत तोंडाने दिलेली अँटिबायोटिक्स शिरेतून दिलेल्यांइतकीच चालतात. शिरेतल्या नळीचा, इंजेक्शनांचा, ते द्यायला लागणाऱ्या माणसाचा खर्च किती रुग्णांचा वाचू शकतो, बघ. अभ्यास करणारा डॉक्टर गरिबाला अशी मदत करू शकतो, जी नुसत्या कनवाळू डॉक्टरला जमत नाही.

कंपन्यांच्या फुकट सँपलबाबत माझं मत कडक आहे. सँपल बहुधा नव्या, महाग ब्रँडचं असतं. दोन आठवडे फुकट जातात आणि मग रुग्ण त्याच महाग गोळीला बांधला जातो. एखादी रात्र निभावून न्यायला दे, पण वर्षानुवर्षं चालणारा उपचार सँपलवर सुरू करू नकोस.

जे लागतं ते मात्र लागतंच. पैसे नाहीत म्हणून शस्त्रक्रियेऐवजी गोळ्यांवर ढकलणं ही दया नव्हे. अशा वेळी तुझं पेन पुरणार नाही, माणसं लागतील. रुग्णालयातल्या समाजसेवकाशी आणि बिलं करणाऱ्या कारकुनाशी आधीपासून ओळख ठेव. खर्चाचा अंदाज दाखल होण्यापूर्वी लेखी मागून घे, हप्त्यांचं आधीच बोलून ठेव, बिल आलं की एकेक ओळ स्वतः वाच. चुकीने दोनदा लागलेली तपासणी मी अनेकदा पकडली आहे. तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी त्याला स्वतः फोन कर. कधीकधी त्या पाच मिनिटांत रुग्णाची खेप, बुडणारी मजुरी आणि एक फी वाचते.

खिशातून पैसे द्यावेत का, हेही विचारलंस. कधीतरी दे, पण ती सवय होऊ देऊ नकोस. चार सहकाऱ्यांनी मिळून छोटा निधी ठेवलात तर तो तू रजेवर असतानाही चालेल, आणि घेणाऱ्याला एका माणसाचे उपकार वाटणार नाहीत. कोणी थोडे पैसे पुढे केले तर ते घे. पैसे पुढे करणारा हात परत लोटला की माणूस दुखावतो, आणि पुन्हा यायला संकोचतो.

आता त्या बाईंचं. त्यांचा नंबर नोंदीत असेलच. फोन करण्याआधी तपासण्यांची यादी पुन्हा काढ आणि त्यातल्या कोणत्या दोन आत्ताच लागतात ते ठरव. मग फोन लाव, आधी तब्येत कशी आहे ते विचार. तपासण्या का राहिल्या, हे विचारूच नकोस. "मी यादी कमी केली आहे, या," एवढं सांग. काय होतं ते मला कळव.

तुझे सर