इतकी वर्षं पाण्यात गेली का?

“मॅडम, मग आजवर केलं ते सगळं पाण्यात गेलं का?”

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी किती जणांच्या तोंडून ऐकला असेल! सातपूरची नोकरी सोडून द्राक्षबागेकडे वळू पाहणारा इंजिनिअर, शाळा सोडून अनुवाद करू इच्छिणारी शिक्षिका. माणसं वेगळी, काळजी एकच. अशा वेळी मला एक चित्रकार आठवते. तिच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.

वय ३४. अकरा वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढलेली, जलरंगावर हात बसलेला. गेम डिझाइनचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केलेला आणि पुण्यातल्या एका स्टुडिओसाठीचा अर्ज सहा महिने लिहून ठेवलेला. फक्त पाठवलेला नव्हता. वडील म्हणत, “नाव झालंय तुझं. आता हा पोरखेळ कशाला?”

पहिल्या काही भेटी आम्ही वडिलांबद्दलच बोललो. गाठ तिथे नव्हती. एके दिवशी मी विचारलं, “समज, अर्ज पाठवलास, त्यांनी घेतलं. पहिल्या दिवशी काय दिसतं?”

“बावीस-तेवीस वर्षांची मुलं. आणि मी त्यांना विचारतेय, हे कसं करतात.”

“मग?”

“असं कसं चालेल? या वयात मला हे यायलाच पाहिजे.”

“यायला हवं, की यायलाच हवं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. १९५५ पासून ते सांगत आले की, प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण स्वतःवर लादलेली सक्ती जास्त छळते. ती सक्ती मराठीत एका अक्षरात मावते: ‘च’. ‘यावं’ ही इच्छा झाली, ‘यायलाच पाहिजे’ हा हुकूम. तिला चित्रकला सुटण्याची भीती नव्हतीच. भीती होती पुन्हा शिकाऊ होण्याची.

पण हे नुसतं कळून भागत नाही. मी तिला काम दिलं: पंधरा दिवसांत कागदावर एक खेळ कर. पुठ्ठा, सोंगट्या, फासा, बस्स. तिघांना खेळायला दे आणि ते खेळत असताना तू तोंड उघडायचं नाही. गेम डिझाइन करणारे पहिली चाचणी अशीच घेतात, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिने ती कधी घेतली नव्हती एवढंच.

तिने गोदावरीचा पूर केला. प्रत्येक पाळीला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी चढतं: पाय, गुडघे, कंबर, छाती. तेवढ्यात सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानांतला माल वर न्यायचा. नाशिककर पूर असाच तर मोजतात.

पुढच्या भेटीला ती रडवेली होऊन आली. “जुन्या सरकारवाड्याच्या चित्रावर मी तीन रात्री घालवल्या. कुणी बघितलासुद्धा नाही!”

“मग बघत कुठे होते?”

“मारुतीकडे. प्रत्येक पाळीला.” ती थांबली. “मी तो मोठा काढला होता. शेंदरी, आणि बाकी सगळं मातकट. नजर तिथेच जाणार हे मला माहीत होतं...” बराच वेळ ती बोलली नाही. मीही नाही. असे क्षण मी घाईने भरत नाही. इतक्या वर्षांत मला जमलेली ती एक गोष्ट.

मग तीच म्हणाली, “पुस्तकातही मी हेच करते ना? पान उलटण्याआधी मुलाचं बोट कुठे थांबेल ते ठरवते.”

तिचं जुनं भांडवल ते होतं. आणि त्याच दिवशी नवखेपणही समोर आलं. पाणी इतक्या झपाट्याने चढत होतं की एकही खेळाडू जिंकला नाही. चित्र कितीही सुंदर असो, फाशाचं गणित चुकलं की डाव मेला. ते शिकायचंच होतं. (हा ‘च’ चालेल, तो कामाचा आहे.)

म्हणून ‘काहीच वाया जात नाही’ असा दिलासा मी कुणालाही देत नाही. काही गोष्टी मागे राहतात: प्रकाशकांमधली ओळख, ठरलेला मेहनताना, डोळे मिटून होणारं काम. त्यांचं दुःख होऊ द्यावं. सोबत काय येतं ते मात्र मनात कल्पना करून कळत नाही, हाताने करून पाहावं लागतं. गेमसाठी चित्रं काढणं आणि गेमचे नियम रचणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याला नेमकं कोणतं हवं, हेही चार डाव मांडल्यावरच उमगतं. त्यासाठी राजीनामा लागत नाही. गोडोसारखं गेम बनवायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि पुठ्ठा तर घरात असतोच. अर्जासोबतही नुसती देखणी चित्रं न पाठवता फसलेला डाव आणि तो कसा सुधारला ते दाखवावं, असं मी तिला सुचवलं.

तिने पाण्याचा वेग चार वेळा बदलला. पाचव्या डावाला वडील बसले आणि हरल्यावर म्हणाले, “परत मांड.”

पुण्याहून तिचा फोन आला तेव्हा तिला रुजू होऊन आठवडा झाला होता.

“मॅडम, आज एका तेवीस वर्षांच्या मुलीला विचारलं, हे कसं करतात.”

“मग?”

“तिने दाखवलं.”