वाचकांचे प्रश्न : पाहणीत आपला कामधंदा कोणत्या रकान्यात पडतो?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची श्रमबल पाहणी, म्हणजे पीएलएफएस, एप्रिल २०१७ पासून सुरू आहे. रोजगार आणि बेरोजगारीचे जे सरकारी आकडे आपण वाचतो ते मुख्यतः तिच्यातून येतात. त्या पाहणीत लोकांचे व्यवसाय कसे नोंदवले जातात, यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत.

वडील यंत्रमागावर कामाला आहेत. पाहणीसाठी आलेल्या बाईंना आम्ही ‘कारखान्यात असतात’ असं सांगितलं, तर त्यांनी आणखी चार-पाच प्रश्न विचारले. एवढं खोलात जाण्याची गरज असते का? (इचलकरंजी)

असते, आणि त्या बाईंनी त्यांचं काम चोख केलं. काम करणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी नोंदवायच्या असतात. पहिली, कामातलं त्याचं स्थान : स्वतःचा धंदा (११), माणसं ठेवणारा मालक (१२), घरच्या धंद्यात बिनपगारी मदत (२१), नियमित पगार (३१), रोजंदारी (सरकारी कामावर ४१, इतरत्र ५१). दुसरी, उद्योग : त्या जागेत काय तयार होतं किंवा कोणती सेवा मिळते. त्यासाठी २००८ च्या उद्योग वर्गीकरणातला पाच आकडी कोड असतो. तिसरी, व्यवसाय : तो माणूस स्वतः काय करतो. हा कोड राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातला आणि तीन आकडी असतो; त्यातला पहिला आकडा व्यवसायाचा विभाग सांगतो.

‘कारखान्यात असतात’ या उत्तरात यातलं एकही कळत नाही. कारखाना सुती कापडाचा असेल तर उद्योगाचा कोड सगळ्यांना एकच, १३१२१. व्यवसायाचे कोड मात्र वेगळे. माग चालवणारा कामगार ८१५ मध्ये जातो. कांड्या भरणाराही ८१५ मध्येच, कारण तोही कापड उद्योगातलं यंत्र चालवतो. माग दुरुस्त करणारा जॉबर यंत्रदुरुस्तीच्या ७२३ मध्ये जातो. हिशेब लिहिणारे दिवाणजी चौथ्या, म्हणजे कारकुनांच्या विभागात. येवल्यात हातमागावर पैठणी विणणारा कारागीर ७३१ मध्ये, कारण तिथे कौशल्य हातात आहे, यंत्र चालवण्यात नाही. विणकर तोही आणि तुमचे वडीलही, पण विभाग वेगळे.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. रुग्णालयाच्या गाडीवरच्या चालकाचा उद्योग रुग्णालय, पण व्यवसाय वाहनचालक. ‘आरोग्य क्षेत्रात इतके लोक’ असं वाचलं की त्यात डॉक्टर, परिचारिका यांच्याबरोबर चालक, स्वयंपाकी आणि सफाई कामगारही असतात.

आमची तीन एकर डाळिंबाची बाग आणि दोन म्हशी आहेत. दोन्हीकडे मी राबते. पाहणीच्या वेळी सासऱ्यांनी माझ्या नावापुढे ‘घरकाम’ सांगितलं. नियम काय म्हणतो? (सांगोला)

नियम तुमच्या बाजूने आहे. चूक होते ती विचारण्यात आणि सांगण्यात. बरेचदा घरातला एकच माणूस सगळ्यांची उत्तरं देतो. ‘काम करते का?’ या प्रश्नाचा अर्थ तो ‘बाहेर पगारावर जाते का?’ असा घेतो. मग कोड पडतो ९२, म्हणजे फक्त घरकाम. घरकामासोबत सरपण, चारा गोळा करणं किंवा घरच्यापुरतं शिवणकाम असेल तर ९३. हे दोन्ही कोड कामकऱ्यांत धरले जात नाहीत.

पाहणीच्या व्याख्येनुसार शेतीतलं उत्पादन हे काम आहे, मग माल विकला असो की घरी खाल्ला असो. घरच्या खाण्यापुरती ज्वारी पिकवली तरी ते काम. त्याच ज्वारीच्या भाकरी थापणं मात्र मोजलं जात नाही. ही रेघ बाईच्या दिवसाला मधोमध कापते. ती न्याय्य आहे असं आम्हाला वाटत नाही, पण आज मोजणी तिच्यावरच चालते. त्यामुळे रेघेच्या अलीकडचं काम तरी पुरतं नोंदवलं गेलं पाहिजे. डाळिंबाची छाटणी, फळांची प्रतवारी, धारा काढणं, डेअरीला दूध घालणं हे सगळं अलीकडचं आहे.

वर्षाचा हिशेब असा होतो. मागचे ३६५ दिवस घ्यायचे. आधी बघायचं की जास्त काळ श्रमबलात, म्हणजे कामात किंवा कामाच्या शोधात गेला की बाहेर. श्रमबलात गेला असेल तरच पुढे काम आणि शोध यांची तुलना करायची. एखाद्या मुलाने चार महिने काम केलं, तीन महिने काम शोधलं आणि पाच महिने शिक्षण घेतलं, तर सुटा सर्वांत मोठा तुकडा शिक्षणाचा दिसतो. तरी चार अधिक तीन म्हणजे सात महिने श्रमबलात गेले, आणि त्यातही काम जास्त. म्हणून तो कामकरी. घाईत काम करणारे इथे हमखास चुकतात आणि ९१, विद्यार्थी, असं लिहून मोकळे होतात.

तुमचं शेतीचं काम पाच महिने आणि घरकाम सात महिने धरलं, तर मुख्य स्थिती, म्हणजे या हिशेबातून ठरणारी पहिली नोंद, ९२ होईल. पण ३० दिवसांपेक्षा जास्त शेतीकाम असल्याने दुय्यम स्थितीत, म्हणजे तिच्या जोडीच्या नोंदीत, २१ नोंदवलंच पाहिजे. म्हशींचं काम वर्षभर रोजचं असेल तर मुख्य स्थितीच २१ होऊ शकते. बागेचे निर्णय तुम्ही आणि पती मिळून घेत असाल, तर मदतनीस न राहता भागीदार म्हणून ११. सातबारा कोणाच्या नावावर आहे यावर हे ठरत नाही. व्यवसायाचा कोड नुसत्या बागेला ६११, नुसत्या जनावरांना ६१२ आणि दोन्ही मिळून ६१३.

आठवड्याचा हिशेब निराळा असतो : मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केलं तरी त्या आठवड्यापुरते तुम्ही कामकरी. एकाच पाहणीतून दोन वेगळे आकडे निघतात ते यामुळे.

२०११-१२ च्या नमुना पाहणीत पहिल्या विभागात, म्हणजे ‘अधिकारी व व्यवस्थापक’ गटात, बरेच लोक दिसतात. आत्ताच्या आकड्यांशी त्यांची तुलना करता येईल का? (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

सरळ करू नका. २०११-१२ ची पाहणी २००४ च्या व्यवसाय वर्गीकरणावर झाली, अलीकडच्या पाहण्या २०१५ च्या वर्गीकरणावर आहेत. २००४ चं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८८ च्या चौकटीवर बेतलेलं होतं. छोट्या धंद्याचा कारभार पाहणारे मालक त्यात पहिल्या विभागात जात, आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारही सहज ‘व्यवस्थापक’ ठरे. संघटनेच्या २००८ च्या आणि त्यावर आधारलेल्या आपल्या २०१५ च्या वर्गीकरणात दुकानदार पाचव्या विभागात, ५२२ मध्ये आले. मधल्या काळात गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचं काम तसूभरही बदललं नाही.

म्हणून आधी जुन्या-नव्या कोडांचा जुळणी तक्ता काढा. एक जुना कोड अनेक नव्या कोडांत फुटत असेल तिथे तीन आकडी तुलना सोडून द्या आणि पहिला व पाचवा विभाग एकत्र करून बघा. नोकर ठेवल्यामुळे दुकानदाराचं स्थान ११ ऐवजी १२ होतं, पण तेवढ्याने व्यवसायाचा कोड बदलत नाही. स्वतः माल विकणं सोडून तो फक्त कारभार पाहत असेल, तरच तो पहिल्या विभागात जातो.

मुलगा अ‍ॅपवरून ऑर्डर घेऊन दुचाकीवर जेवण पोचवतो. त्याचा व्यवसाय कोणता? (ठाणे)

मोटरसायकलवर माल पोचवणारा वाहनचालकांच्या ८३२ मध्ये येतो. तोच डबा पायी पोचवला तर नवव्या विभागातल्या ९६२ मध्ये. खरी अडचण स्थानाच्या कोडाची आहे. गाडी आणि पेट्रोल त्याचं, पण दर आणि ग्राहक कंपनीच्या हातात. २०१८ मध्ये कामगार सांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अशांसाठी ‘अवलंबित कंत्राटदार’ हा स्वतंत्र वर्ग मान्य केला. आपल्या यादीत तसा रकाना नाही, त्यामुळे अशा मुलाला ११ किंवा ३१ मध्ये बसवावं लागतं. हा रकाना लवकर यायला हवा.

गावाची कुटुंब पाहणी करायची आहे. व्यवसायाचा प्रश्न कसा विचारावा? (शिक्षक, परभणी जिल्हा)

छापील यादीवर खूण करायला लावू नका. ‘शेती, नोकरी, व्यवसाय, मजुरी, इतर’ अशा यादीतून नंतर काहीही वेगळं काढता येत नाही. मोकळी जागा ठेवा आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत निदान पाच-सहा शब्द लिहून घ्या. विचारायचं ते एवढंच : हाताने नेमकं काय करता, कोणतं अवजार किंवा यंत्र वापरता, त्या जागेत काय बनतं किंवा विकलं जातं, पैसे कोण देतं आणि कसे देतं. ‘सुपरवायझर’, ‘हेल्पर’, ‘बिझनेस’, ‘कंपनीत’ या शब्दांवर थांबू नका. ‘शिवणकाम’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न हवाच : गिऱ्हाइकाचं माप घेऊन अख्खा कपडा शिवणारी शिंपीण ७५३ मध्ये जाते, तर तयार कपड्यांच्या युनिटमध्ये मशिनवर दिवसभर बाह्याच जोडणारी ८१५ मध्ये.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची मजुरी एका कोयत्याची म्हणून मिळते, पण नोंदी दोन करा. दोघांनाही ५१ आणि ९२१. तोडणीचे महिने आणि घरच्या शेतीचे महिने वेगळे लिहा, म्हणजे मुख्य-दुय्यम ठरवता येईल.

कोड दारात उभं राहून घालू नका. रात्री बसून, पाहणी करणाऱ्या दोघांनी एकमेकांचं न बघता घालावेत आणि जिथे फरक पडेल ती नोंद बाजूला काढावी. एकाच्या हातात दोन कामं असतील तर जास्त कौशल्याचं काम धरा. बनवणं आणि विकणं दोन्ही असेल तर बनवणं धरा. स्वतः पाव भाजून विकणारा बेकरीवाला भट्टीच्या कामात मोजा. शिकाऊ मुलगा आज जे काम करतो तेच लिहा, उद्या तो काय होणार ते नको.

सगळ्यात मोठी गल्लत ‘इतर’च्या कोडांवर होते. बऱ्याच गटांत शेवटी ९ असलेला कोड ‘इतरत्र न मोडणारे’ यांच्यासाठी असतो. ज्याचं काम पुरतं कळलं आहे, पण त्याला स्वतंत्र खण नाही, त्याच्यासाठीच तो वापरायचा. माहिती अपुरी असेल तर वरच्या पातळीवर थांबून पुढे शून्य लावा. बांधकामाच्या साइटवर कारागीर आहे एवढंच कळलं तर ७१०. गवंडी की रंगारी हे अंदाजाने ठरवू नका. शून्यांची यादी वेगळी ठेवली की दुसऱ्या फेरीत कोणत्या घरी परत जायचं ते आपोआप कळतं.