पोकरच्या आकडेवारीत दोन वर्षे घालवलेल्या मुलाने बायोडेटात काय लिहावे?

पत्र: माझा मुलगा पुण्यात बीएस्सी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षे तो एका परदेशी संकेतस्थळावर पोकर खेळत होता, हे आम्हाला उशिरा कळले. रक्कम किरकोळ होती आणि आता खेळणे पूर्ण बंद केले आहे, असे तो सांगतो. खेळण्यापेक्षाही इतर खेळाडूंची आकडेवारी गोळा करून तिचा अभ्यास करण्यात तो अधिक रमायचा आणि त्यासाठी त्याने स्वतः प्रोग्रॅमही लिहिले होते. पुढे त्या संकेतस्थळाने अशा सॉफ्टवेअरवर निर्बंध आणले, नंतर आपल्याकडे कायदाही झाला. ‘माझी दोन वर्षे फुकट गेली,’ असे म्हणत तो आता एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची तयारीही करेनासा झाला आहे. त्याने केले ती फसवणूक होती का? मुलाखतीत हे लपवावे का? आणि यातून काही करिअर होऊ शकते का? – एक आई, सिंहगड रस्ता, पुणे

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सविस्तर देते, कारण मुलाखतीत काय सांगायचे आणि पुढे काय शिकायचे हे त्याच उत्तरावर अवलंबून आहे. शिवाय ‘फसवणूक’ हा शब्द घरात एकदा उच्चारला गेला की मुले बोलणेच थांबवतात. तेव्हा तो वापरण्यापूर्वी नेमके काय घडले ते समजून घेणे बरे.

ऑनलाइन पोकरमध्ये प्रत्येक डावाची, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत प्रत्येक ‘हँड’ची, नोंद संगणकावर मजकुराच्या स्वरूपात साठवता येत असे. पोकरट्रॅकर, होल्डेम मॅनेजर यांसारखी सॉफ्टवेअर या नोंदी वाचून डेटाबेसमध्ये भरतात आणि खेळ चालू असतानाच प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या नावाशेजारी त्याचे आकडे दाखवतात. या पडद्यावरच्या आकड्यांना एचयूडी म्हणतात. समोरचा माणूस शंभरातल्या किती हँडमध्ये आपणहून पैसे लावतो, पत्ते उघडण्यापूर्वी किती वेळा बोली वाढवतो, त्याच्यावर पुन्हा बोली वाढवली तर किती वेळा पत्ते टाकून देतो, असे ते आकडे असतात. समोर बसलेल्या माणसाच्या सवयी लक्षात ठेवणे हा पोकरचा जुनाच भाग आहे. पण चार-सहा टेबलांवर एकाच वेळी खेळताना शेकडो अनोळखी माणसांच्या सवयी यंत्राने लक्षात ठेवून क्षणात दाखवणे, ही गोष्ट नवी होती.

संकेतस्थळांनी यावर एकसारखी भूमिका घेतली नाही. बोडोगने 2011 मध्ये टेबले निनावी केली, त्यामुळे कोणाचीच ओळख साठवता येईना. पोकरस्टार्सने सरसकट बंदी घातली नाही. मात्र 2015 आणि नंतर 2019 मध्ये नियम कडक करून खेळताना थेट सल्ला देणारी कोष्टके आणि कमकुवत खेळाडू शोधून त्याच्या टेबलावर आपोआप जागा पटकावणारे प्रोग्रॅम बंद केले. पार्टीपोकरने जून 2019 मध्ये अशी साधने पूर्णपणे बंद केली आणि जुना साठा निरुपयोगी व्हावा म्हणून खेळाडूंना आपली नावेही बदलायला लावली. जीजीपोकर बाहेरचे एचयूडी चालू देत नाही, पण स्वतःचे मर्यादित आकडे सर्वांना सारखेच दाखवते.

यामागे कंपन्यांचा स्वार्थ आहे, हे तुमच्या मुलाचे म्हणणे असेल तर ते खरे आहे. हौशी खेळाडू भराभर हरला की निघून जातो, टेबले ओस पडतात आणि कंपनीला प्रत्येक डावामागे मिळणारा वाटा कमी होतो. तरीही त्या निर्णयात न्यायाचा मुद्दा आहेच, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कामावरून घरी येऊन तासभर खेळणाऱ्या माणसाला हे ठाऊकच नसते की समोरच्याच्या पडद्यावर आपल्या हजार हँडचा हिशेब मांडलेला आहे. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे नाही, आणि आपल्याकडे ती नाही हेही त्या दुसऱ्याला माहीत नाही. अशा ठिकाणी खेळाचा मालक नियम बदलत असेल, तर त्याला संख्याशास्त्रावरचा अन्याय म्हणता येणार नाही.

म्हणून ‘फसवणूक होती का’ याचे उत्तर तुमच्या मुलाला स्वतःच तपासून द्यावे लागेल, आणि त्याने पुढील गोष्टी तपासाव्यात. तो ज्या काळात ते साधन वापरत होता त्या काळात त्या संकेतस्थळाचा नियम काय होता? नियम बदलल्यानंतरही त्याने ते चालू ठेवले का? आणि त्याच्याकडचा साठा फक्त स्वतः खेळलेल्या हँडचा होता की त्याने इतरांच्या हँडच्या नोंदी विकत घेतल्या होत्या? नियमात बसत असताना स्वतःच्या हँडवर केलेला अभ्यास ही फसवणूक नव्हे. बंदीनंतरचा वापर किंवा विकत घेतलेला साठा हा मात्र नियमभंग आहे, आणि तसे झाले असेल तर ते त्याने तुमच्यापाशी स्पष्ट कबूल करावे. त्यासाठी त्याला वेळ द्या आणि तो सांगेल तेव्हा मध्येच थांबवू नका.

कायद्याचे वेगळे सांगायला हवे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा जुना वादच या कायद्याने बाजूला ठेवला आहे: दोन्ही प्रकार बंद. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परदेशातून भारतातील लोकांना सेवा देणारेही त्यात येतात. खेळणाऱ्याला शिक्षेची तरतूद नाही, पण त्याचा अर्थ परदेशी संकेतस्थळावर आडमार्गाने खेळत राहावे असा काढू नये. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. मागील वर्षांत काही रक्कम जिंकली असेल तर तिच्यावरील 30 टक्के कराचा हिशेब एखाद्या सीएकडून करून घ्या. ‘किरकोळ होती’ म्हणून तो सोडू नका.

आता मुलाच्या कामाकडे वळते, कारण ‘दोन वर्षे फुकट गेली’ हे त्याचे वाक्य मला चुकीचे वाटते आणि ते का, हे त्याला आकड्यांतच पटेल.

समजा एका खेळाडूच्या नावापुढे एचयूडी दाखवतो की बोली वाढवल्यावर तो 75 टक्के वेळा पत्ते टाकतो. नवशिका हा आकडा पाहून प्रत्येक वेळी बोली वाढवतो. पण शंभर हँड पाहिल्या असल्या तरी तसा प्रसंग त्यात आठच वेळा आला असेल आणि सहा वेळा त्याने पत्ते टाकले असतील, तर 75 टक्क्यांमागची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो त्याचे माप, सुमारे 15 टक्क्यांची निघते. म्हणजे खरा आकडा पन्नाशीच्या आसपासही असू शकतो. जाणता माणूस काय करतो? साधारण खेळाडू अशा वेळी निम्म्या वेळा पत्ते टाकतो हे पूर्वज्ञान तो हिशेबात घेतो, त्याला समजा वीस प्रसंगांइतके वजन देतो, आणि मग (10 + 6) भागिले (20 + 8) असे करून सुमारे 57 टक्क्यांवर येतो. 75 आणि 57 यांच्यामधले अंतर म्हणजे तुमच्या मुलाने दोन वर्षांत शिकलेली गोष्ट. याला बेझियन अनुमान म्हणतात. बँकेत नव्या कर्जदाराचे पहिले आठ हप्ते पाहून त्याच्याविषयी मत बनवताना, किंवा विमा कंपनीत एखाद्या लहान गटाचे दावे पाहून हप्ता ठरवताना हाच हिशेब करावा लागतो. विमागणितात त्याला ‘क्रेडिबिलिटी’ म्हणतात आणि तो अभ्यासक्रमाचा भाग आहे.

त्याला हे विचारा: आठ प्रसंगांवरून निघालेल्या आकड्यावर तू विश्वास ठेवायचास का, आणि कितपत? तो कागद घेऊन समजावू लागला, तर समजा की त्याच्याकडे शिकण्यासारखे पुष्कळ जमा झाले आहे. तो नुसताच ‘सॉफ्टवेअर दाखवायचे’ असे म्हणाला, तर मात्र पुढचे सारे जरा बेतानेच घ्या.

पोकरचे गणित विद्यापीठांतही पूर्ण गांभीर्याने अभ्यासले गेले आहे, हेही त्याच्या कानावर घाला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने 2015 मध्ये दोघांनी खेळायच्या, बोलीची मर्यादा ठरलेल्या होल्डेम या पोकरच्या प्रकाराचे जवळजवळ पूर्ण उत्तर काढले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या संगणक प्रोग्रॅमने जानेवारी 2017 मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 हँडच्या सामन्यात हरवले, आणि 2019 मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर तेच करून दाखवले. प्लुरिबसच्या प्रयोगातील हँडच्या नोंदी शोधनिबंधासोबत प्रसिद्ध झालेल्या आहेत. त्याला अभ्यासासाठी साठा हवा असेल तर हा घ्यावा; त्यात ना पैसा, ना कोणाच्या नकळत जमवलेली माहिती.

माझी त्याला सूचना अशी की त्याने आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने एक प्रकल्प करावा. आजवर तो खेळाडू म्हणून आकडे पाहत होता. आता संकेतस्थळाच्या जागी बसून पाहावे. माणसाऐवजी प्रोग्रॅम खेळत असेल तर तो नोंदींवरून कसा ओळखायचा? दोन खेळाडू आपसात संगनमत करत असतील तर त्यांच्या बोलींत कोणता असामान्य संबंध दिसेल? निरपराध माणसाचे खाते चुकून बंद होऊ नये म्हणून उंबरठा कुठे ठेवायचा? त्यासाठी त्याने स्वतःच काही बनावट खेळाडूंच्या हँड संगणकावर तयार कराव्यात, त्यात संगनमत करणारी एक जोडी मुद्दाम घालावी आणि ती आपल्या पद्धतीने सापडते का ते पाहावे. बँका, पेमेंट कंपन्या आणि ऑनलाइन विक्रीची दालने यांच्या फसवणूक-शोध विभागांत रोज हेच काम चालते; तिथे पत्त्यांऐवजी व्यवहार असतात. या विभागांत उमेदवाराने मॉडेल बनवले एवढ्यावर भागत नाही. चुकीच्या माणसावर बोट ठेवले गेले तर काय, याचा त्याने विचार केला आहे का हे पाहिले जाते. ज्याने निर्बंध सोसले आणि मग ते का आले हे समजून घेतले, त्याला हे उत्तर पाठ करावे लागणार नाही.

बायोडेटात लपवू नये, आणि मिरवूही नये. ‘पोकर खेळाडू’ असे लिहू नये. ‘पत्त्यांच्या ऑनलाइन खेळातील नोंदींवरून खेळाडूंच्या वर्तनाचे अनुमान, पायथनमधून नोंदी वाचणे, डेटाबेसची रचना, लहान नमुन्यांसाठी बेझियन पद्धत’ अशी एक ओळ पुरे, आणि तिच्याखाली नवा प्रकल्प. मुलाखतीत ‘पैसे लावून खेळत होतास का’ असे विचारले तर खरे ते सांगावे: अमुक काळात, इतक्या रकमेने, आणि आता बंद. जिंकलेल्या पैशांच्या गोष्टी सांगू नयेत. जुना साठा इंटरनेटवर कुठेही ठेवू नये; त्यात इतर माणसांची खेळातली नावे आहेत. दाखवायचेच असेल तर नावांच्या जागी क्रमांक घालून, आणि तेही एकत्रित आकडे तेवढेच. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा झाल्यापासून कंपन्या याबाबत दक्ष झाल्या आहेत, आणि दुसऱ्याची माहिती हा मुलगा कशी हाताळतो हेही त्या पाहतात.

पुढील शिक्षणाविषयी थोडक्यात लिहिते, कारण वाटा तुमच्या मुलाला ठाऊक असणार. आयआयटींमधील एमएस्सीसाठी जॅम परीक्षेत गणितीय संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो आणि ती परीक्षा फेब्रुवारीत होते. भारतीय सांख्यिकी संस्थेची एमस्टॅटची प्रवेश परीक्षा अवघड आहे, पण अनुमानशास्त्राची अशी ओढ असलेल्या मुलाने ती द्यावीच. पुणे सोडायचे नसेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग 1953 पासून आहे आणि त्याचे नाव देशभर आहे. विमागणिताकडे वळायचे असेल तर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीजची एसीईटी ही प्रवेश परीक्षा एमएस्सी करताकरताच देता येईल. विमा कंपन्यांची मोठी कार्यालये पुण्यात असल्याने तो मार्ग इथे राहून चालण्यासारखा आहे. सरकारी सेवेची इच्छा असेल तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा आहे. या सर्वांत माझी पसंती आधी एमएस्सी, आणि सोबत एसीईटी. गॅप घेऊ देऊ नका. निराशेत घेतलेल्या गॅपमध्ये अभ्यास होत नाही.

एक गोष्ट मात्र आकडेवारीच्या बाहेरची आहे. रकमेपेक्षा लक्षणे पाहा: तो रात्री जागतो का, उधारी झाली आहे का, खेळ बंद केल्यावर चिडचिड वाढली का, गमावलेले परत मिळवण्याची भाषा करतो का. यातले काही दिसत असेल तर प्रश्न करिअरचा राहत नाही. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलते, आणि पुण्यात मुक्तांगणसारखी संस्था 1986 पासून व्यसनमुक्तीचे काम करते आहे. तसे काही नसेल, तर या आठवड्यात त्याच्याकडून दोनच गोष्टी करून घ्या: त्या संकेतस्थळावरील खाते कायमचे बंद केल्याची पोच तुम्हाला दाखवणे, आणि जॅमचा मागील एक पेपर वेळ लावून सोडवणे. पेपर तपासल्यावर कोणता भाग कच्चा राहिला ते मला लिहून कळवा. पुढील आखणी त्यावरून करता येईल.