शांघायचे पायलट आणि बाबांची काळजी

प्रश्न : मी बी.ए.च्या (इतिहास) शेवटच्या वर्षाला आहे. जपान-चीन युद्धाच्या काळात शांघाय बंदराच्या पायलट सेवेवर (जहाजांना वाट दाखवत बंदरात आणणाऱ्या) ताबा मिळवण्यासाठी परकी सत्तांची रस्सीखेच चालली होती, त्यावर संशोधन करायचं आहे. बाबा म्हणतात, "त्यापेक्षा तूच पायलट हो." काय करू?

उत्तर : बाबांची वाट आधी निकालात काढू. जहाज बंदरात आणणारा पायलट व्हायचं तर आधी डेक कॅडेट (जहाजावरचा शिकाऊ अधिकारी) म्हणून समुद्रावर वर्षं काढावी लागतात आणि त्यासाठी बारावीला फिजिक्स, गणित हवं. इतिहासाच्या पदवीवर तिथे प्रवेश नाही.

तुझा विषय मात्र दमदार आहे. शांघाय समुद्रकाठी नाही. यांगत्से नदीच्या मुखाशी सरकणारा गाळ चुकवायचा, वुसोंगला वळून ह्वांगपू नदीत शिरायचं. कोणतं जहाज कधी आलं, पाण्यात किती खोल बसलं होतं, कुठल्या धक्क्याला लागलं, सगळं पायलटला ठाऊक. युद्धात ही माहिती कोणाला नको असेल? १८६८च्या नियमांनुसार परवाने चिनी कस्टम्सच्या देखरेखीखाली मिळत, पण कस्टम्सचा प्रमुख परदेशी आणि पायलटही बहुतेक परदेशीच. नोव्हेंबर १९३७मध्ये शहराचा चिनी भाग जपानने घेतला. परदेशी लोकांच्या कारभाराखालची आंतरराष्ट्रीय वसाहत ८ डिसेंबर १९४१पर्यंत टिकली. म्हणजे नदीवर जपानी नौदल आणि कस्टम्सच्या प्रमुखाच्या खुर्चीत ब्रिटिश फ्रेडरिक मेझ! तू फक्त ही चार वर्षं धर, अख्खं शतक नको. शेवटासाठी ११ जानेवारी १९४३चा चीन-अमेरिका करार वाच. चिनी बंदरांत परदेशी पायलट नेमण्याचा विशेष हक्क अमेरिकेने त्या वेळी वेगळा उल्लेख करून सोडला. मार्गदर्शकांनी "एवढ्याशा सेवेवर काय प्रबंध लिहिणार?" असं विचारलं, तर हे दाखव.

खरी अडचण भाषेची. कस्टम्सची मूळ दप्तरं नानजिंगच्या अभिलेखागारात आहेत, जपानी सरकारची बरीच कागदपत्रं 'जाकार' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नुसत्या इंग्रजीवर विसंबलीस तर ब्रिटिशांचीच बाजू लिहून बसशील. म्हणून एम.ए.बरोबरच जपानी सुरू कर, चिनी नंतर. प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत, हे बाबांचं न बोललेलं भय खरं आहे. पण जेएलपीटीची (जपानी भाषेची परीक्षा) एन-२ पातळी गाठलीस तर अनुवादाची आणि जपानी कंपन्यांतली कामं मिळू शकतात. बाबांना हा हिशेब सांग, विषयाचं महत्त्व नको.