वाचक विचारतात : जमैकाचा आठशेवाला

प्रश्न : ताई नमस्कार, माझा पुतण्या 800 मीटर पळतो आणि आमच्यात पैज लागलीय. मी म्हणतो जमैका म्हणजे शंभर-दोनशे, बोल्ट वगैरे, एवढंसं बेट, आठशेत त्यांचं मोठं कोणी झालंच नाही. तो म्हणतो झालाय एक जण, पण नाव काही आठवेना त्याला. खरं काय? आणि त्याचा कोच त्याला 400 पण पळायला लावतो, हे बरोबर आहे का? दोन्हीकडून पोरगं दमतंय नुसतं. (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : काका, पैज हरलात तुम्ही, जे काय कबूल केलं असेल ते पुतण्याला देऊन टाका. त्याला आठवत नव्हतं ते नाव आर्थर विंट. जमैकाचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड त्याचंच, 1948 लंडन, पण ते 400 मध्ये आणि म्हणून लोक त्याला तेवढ्यावरच ओळखतात, आठशेची गोष्ट मागेच राहते. मला विचाराल तर तीच जास्त भारी आहे.

माणूस सव्वासहा फुटांच्याही वर उंच, दुसऱ्या महायुद्धात आरएएफचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा पायलट, नंतर लंडनमध्येच डॉक्टरकीचं शिक्षण, म्हणजे ऑलिम्पिक आलं तेव्हा हा मेडिकलचा विद्यार्थी होता! जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत, स्वातंत्र्य मिळालं थेट 1962 ला. तर 800 ची फायनल, अमेरिकेचा मॅल व्हिटफिल्ड पहिला 1:49.2, विंट दुसरा 1:49.5. तीन दिवसांनी 400 ची फायनल, पुढे होता जमैकाचाच हर्ब मॅकेन्ली, सगळ्यांना वाटत होतं हाच जिंकणार, शेवटच्या सरळ पट्ट्यात विंटने त्याला गाठलं, 46.2, गोल्ड. मग रिले, आणि तिथे फायनलमध्ये पळता पळता विंटचाच पाय धरला, टीम बाहेर.

चार वर्षांनी हेलसिंकी. परत 800, परत समोर व्हिटफिल्ड, आणि गंमत बघा, त्याने परत अगदी तेच 1:49.2 लावलं, दशांशाचाही फरक नाही. विंट 1:49.4. म्हणजे चार वर्षांत हा एक दशांश सेकंद सुधारला आणि दोन दशांशाने हरला, त्याच माणसाकडून. अशा वेळी काय वाटत असेल हो! 400 मध्येही तो पाचवाच आला. पण 4 बाय 400 रिलेत विंट, लेस्ली लेंग, मॅकेन्ली, जॉर्ज रोडन असे चौघं पळाले, 3:03.9, वर्ल्ड रेकॉर्ड, अमेरिकेला फक्त एका दशांशाने मागे टाकलं. लंडनचं उट्टं निघालं.

तुम्ही कऱ्हाडचे म्हणून सांगते, ही दोन्ही ऑलिम्पिक आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचीही, कुस्तीत लंडनला सहावे, हेलसिंकीला ब्राँझ. पुतण्याला सांगा, आता नाव विसरणार नाही.

नंतर विंट डॉक्टर झाला, जमैकात परतला, हॅनोव्हर परगण्यात राहणारा डॉक्टर काय तो हा एकटाच. 1974 ते 78 लंडनमध्ये जमैकाचा हायकमिशनर. 1992 ला गेला. किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियमपाशी त्याच्या नावाचा रस्ता आहे.

आता कोचचं. 1:49.5 म्हणजे एक लॅप, 400 मीटरची एक फेरी, सरासरी पावणेपंचावन्न सेकंदांत. जो माणूस एक लॅप 46.2 मध्ये मारू शकतो त्याला पावणेपंचावन्न म्हणजे जरा दम राखून पळणंच झालं, शेवटच्या दीडशे मीटरला इतरांच्या पायात गोळे येतात तेव्हा याच्याकडे अजून काहीतरी शिल्लक असतं. व्हिटफिल्डचंही तेच, लंडनच्या 400 मध्ये ब्राँझ त्याचंच होतं. म्हणून आठशेवाल्याला 400 पळवतात, तुमचा कोच काही चुकत नाहीये. उलट आठशेत श्वासाचं काम जास्त, त्यामुळे नुसत्या स्पीडवरही भागत नाही, लांब हळू पळणं सोडायचं नाही. फक्त एकाच दिवशी दुपारी 400 आणि तासाभराने 800 असं कोणी पोराला उभं केलं ना, तर मात्र काका म्हणून जाऊन भांडा.